स्टेक सुरी
स्टेक सुरी : मांसाचा भाजलेला जाड काप ताटलीतच कापून खाण्यासाठी प्रत्येकाच्या हाताशी ठेवायची टोकदार सुरी. पाते साधारण १० ते १३ सेंमी., मुठीसह लांबी २२ ते २५ सेंमी. बहुधा चार, सहा किंवा आठ नगांच्या संचात मिळते. टेबलावरची नेहमीची सुरी टोकाला गोल आणि बोथट असते. लोणी किंवा उकडलेला बटाटा यांना ती पुरते, भाजलेल्या मांसाच्या तंतूंपुढे मात्र तिचे काही चालत नाही.

या सुरीची परीक्षा मांसापेक्षा ताटलीच जास्त घेते. स्वयंपाकघरातली सुरी लाकडी फळीवर चालते. लाकूड किंचित दबते आणि धार वाचते. इथे प्रत्येक तुकडा सुटताना धार चिनीमातीवर टेकते आणि चिनीमातीवरचा काचेसारखा थर पोलादाहून कठीण असतो. पांढऱ्या ताटल्यांवर ज्या करड्या रेघा उमटतात, ते बहुतेक वेळा ओरखडे नसतात. पात्याचे घासून निघालेले पोलाद तिथे चिकटलेले असते.

म्हणून सरळ धार की दातेरी, हा पहिला प्रश्न. दातेरी पात्यात दात्यांची टोके तेवढी ताटलीला लागतात, मधल्या खाचांतली धार अधांतरी राहते आणि बराच काळ टिकते. पण ती करवतीसारखी चालते : तंतू फाटतात, तुकड्याची कड दोरे सुटलेल्या कापडासारखी दिसते. सरळ धार एका ओढीत स्वच्छ कापते. तिला वेळोवेळी धार लावण्याची तयारी मात्र हवी. तेवढा उत्साह नसेल तर मोठ्या, ठळक दात्यांची सुरी घेणे शहाणपणाचे. अगदी बारीक दात्यांची सुरी टाळावी. ‘धार लावावी लागत नाही’ असे तिच्याबद्दल सांगतात, खरे तर ती नीट लावताच येत नाही. दाते झिजले की सुरी संपली.

पोलादाच्या बाबतीत एक आकडा हमखास फसवतो. चमच्याकाट्यांवर असते ते १८/१०, म्हणजे १८% क्रोमियम आणि १०% निकेल, गंजाला उत्तम तोंड देते. परंतु तापवून पाणी दिले, म्हणजे एकदम थंड केले, तरी ते कठीण होत नाही. पात्यासाठी सुमारे ०.५% कार्बन आणि १३ ते १५% क्रोमियम असलेले पोलाद योग्य. धातूचा कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल सी मापावर तो ५४ ते ५८ असावा. त्याहून मऊ पात्याची धार ताटलीवर लगेच वळते. ६० च्या वर गेलेल्या पात्याचे बारीक टवके उडतात. जास्त कठीण म्हणजे जास्त चांगले, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असेल आणि खिळ्यांनी पक्के केलेले असेल तर मूठ सहसा ढिली होत नाही. मूठ आणि पोलाद यांच्या सांध्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले तर तिथे पाणी आणि चरबीही शिरणार, लाकूड फुगणार. भांडी धुण्याच्या यंत्रात लाकडी मूठ तडकते, पाती एकमेकांवर आपटतात आणि खारट अन्नाचा अंश तसाच राहिला तर स्टेनलेस पात्यावरही सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. हाताने धुऊन लगेच पुसणे बरे.

सरळ पाते दिव्याखाली धार वर करून धरावे. चांगली धार डोळ्यांना दिसतच नाही. जिथे ती गेली आहे तिथे चकाकणारी रेघ दिसते. धार लावायच्या १००० क्रमांकाच्या (क्रमांक कणांच्या बारीकपणाचा) ओल्या दगडावर १५ ते २० अंशांचा कोन धरून एक बाजू घासावी, दुसऱ्या बाजूला सबंध लांबीभर खरखर, म्हणजे घासून वळलेली पोलादाची बारीक कड, बोटाला लागली की पाते उलटावे. कोन मध्येच बदलला तर धार गोलावते. दातेरी पात्यासाठी खाचेत बसेल अशी निमुळती सळई लागते : एकेका खाचेत चार-पाच हात, तेही उतार असलेल्या बाजूनेच. सपाट बाजूवरून शेवटी एक हलका हात फिरवून खरखर काढली की पुरे.

संच घेताना दोन-तीन सुऱ्या काढून शेजारी ठेवाव्यात. पात्यांची जाडी किंवा धारेचा कोन डोळ्यांना वेगवेगळा दिसत असेल, तर उरलेल्याही तशाच निघतील. सुटी सुरी नंतर मिळते का, हेही विचारून घ्यावे. ठेवताना फटी असलेला लाकडी ठोकळा किंवा म्यान वापरावे. खणात चमच्यांसोबत टाकलेल्या सुऱ्यांची धार जेवणाआधीच जाते.