जुन्या जीपवरचे जादा दिवे आणि रिले : एका वायरिंगची पार्श्वभूमी

जुन्या जीपच्या बंपरवर दोन जादा दिवे बसवायचे म्हटले, की ऑटो इलेक्ट्रिशियन आधी रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा विद्युत स्विच) आणायला सांगतो, आणि गाडीमालकाला बहुधा वाटते की रिले हा दिव्यांबरोबर येणारा एखादा सुटा भाग असावा. खरे पाहता रिलेची गरज दिव्यांना नसते, ती गाडीच्या मूळ वायरिंगला असते. ते वायरिंग ज्या दिव्यांच्या हिशेबाने आखले गेले, त्यांच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक भार आज त्याच तारांवर टाकला जातो. हा हिशेब कसा बिघडत गेला, हे समजण्यासाठी दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपपर्यंत मागे जावे लागते.

अमेरिकी सैन्यासाठी १९४१ पासून मोठ्या संख्येने तयार झालेली विलीज एमबी ही सहा व्होल्टची गाडी होती. तिचे हेडलाइट बिजागरीवर बसवलेले असत. बॉनेट उघडून ते उलटे फिरवले की इंजिनावर उजेड पडे आणि अंधारात दुरुस्ती करता येई. पुढे तिच्या डाव्या मडगार्डवर ब्लॅकआउटमध्ये वापरायचा एक वेगळा दिवा आला, आणि जीपवर कारखान्यातच बसलेला पहिला जादा दिवा म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येईल. मात्र त्याचा हेतू आजच्या अगदी उलट होता : चालकाला जेमतेम रस्ता दिसावा आणि विमानातून काहीच दिसू नये, एवढाच उजेड त्याने द्यायचा होता.

अमेरिकेत १९४० पासून रूढ झालेल्या सात इंची सीलबंद हेडलाइटचा अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा झोत, ४५ वॉटचा होता. सहा व्होल्टवर असे दोन दिवे लावले तर पंधरा अँपिअर प्रवाह लागतो, आणि म्हणूनच त्या काळच्या गाड्यांच्या तारा आजच्या नजरेला उगाच जाड वाटतात. १९५० च्या दशकात गाड्या बारा व्होल्टवर गेल्या. तेवढ्याच वॉटला निम्मा प्रवाह पुरू लागल्यामुळे कारखान्यांना तारा बारीक करता आल्या आणि तांबे वाचले. १९५० च्या दशकाच्या मध्यास हेडलाइटचा अप्पर ५० वॉटपर्यंत वाढला, तरी बारा व्होल्टवर दोन्ही दिव्यांना मिळून साधारण सव्वाआठ अँपिअर पुरत. जुन्या जीपचे वायरिंग कमकुवत असते अशी सरसकट तक्रार केली जाते, ती मला पटत नाही. आपल्या काळच्या दिव्यांसाठी ते पुरेसे होते. फक्त त्यात वाढीव भारासाठी जागा ठेवलेली नव्हती.

भारतात ही गाडी आली ती महिंद्रामार्फत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुट्या भागांपासून विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी ही विलीजची नागरी जीप येथे परवान्याने बनू लागली. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झाले, पण आपल्याकडे तिचे वंशज कितीतरी वर्षे रस्त्यावर येत राहिले. या काळात इंजिने बदलली, पेट्रोलच्या जागी ट्रॅक्टरच्या घराण्यातले इंटरनॅशनलचे डिझेल आले, मग पूझोचे आले, परंतु डॅशबोर्डवरचा ओढायचा लाइट स्विच आणि पायाने दाबायचा डिपर ही जोडी बराच काळ जागची हलली नाही. पायाचा डिपर म्हणजे क्लचशेजारी, पत्र्याच्या फरशीवर, चिखल आणि पावसाचे पाणी जिथे हमखास साचते अशा जागी बसवलेला, हेडलाइटचा झोत वर-खाली बदलणारा स्विच. हेडलाइटचा सगळा प्रवाह त्याच्यातून जात असे. कोकणात चार पावसाळे काढलेला डिपर उघडला, तर आतील पितळी पट्टीवर हिरवा थर आणि भोवतीच्या फायबरवर जळल्याचा तपकिरी डाग बहुतेक वेळा सापडतो.

आता रिलेकडे वळू. लहान प्रवाहाने विद्युत्‌चुंबक जागा करायचा आणि त्याच्याकडून दुसऱ्या, मोठ्या मंडलाचा संपर्क जोडून घ्यायचा, ही युक्ती मोटारीपेक्षा अर्धशतकाने जुनी आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास प्रिन्स्टन येथे ती दाखवली आणि सॅम्युअल मोर्स यांच्या तारयंत्रात ती कामाला लागली. लांबच्या तारेतून येता येता संदेश क्षीण होई. तो क्षीण संदेश रिलेचे चुंबक हलवी, आणि पुढच्या तारेला तिथली ताजी बॅटरी मिळे. जीपच्या जादा दिव्यांचा प्रश्नही नेमका हाच आहे, फक्त अंतर मैलांऐवजी मीटरांत मोजायचे.

मूळ जीपला हे तत्त्व परके नव्हते, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. इंजिनाच्या जोरावर बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोच्या गाडीत बॉनेटखाली जो कटआउट असतो, तोही रिलेच आहे : डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा वाढला की त्याचे चुंबक संपर्क जोडते, आणि इंजिन मंदावले की संपर्क सोडून बॅटरीला उलट रिकामी होण्यापासून वाचवते. स्टार्टरच्या बाबतीत विलीजने आणखी साधा मार्ग काढला होता. लष्करी जीपमध्ये आणि सुरुवातीच्या सीजे गाड्यांत स्टार्टरचा जाड केबल सरळ पायाखालच्या दणकट स्विचकडे नेलेला असे, म्हणजे मोठ्या प्रवाहाची वाट होता होईल तेवढी आखूड ठेवून चालकाच्या पायालाच स्विचपर्यंत नेले होते. किल्लीने सुरू होणाऱ्या गाड्यांत ते काम सोलेनॉइडकडे गेले, आणि सोलेनॉइड हा रिलेचाच थोरला भाऊ. दिव्यांना मात्र ही सोय कारखान्याने दिली नाही, कारण तेव्हा तिची निकड नव्हती.

ती निकड हॅलोजनने निर्माण केली. हॅलोजन दिव्याचे तंत्र १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये विकसित झाले, पण मोटारीसाठी त्याचा पहिला उपयोग युरोपने केला. १९६२ मध्ये आलेल्या एच-१ बल्बमध्ये एकच फिलामेंट होते. त्यामुळे वरचा आणि खालचा असे दोन्ही झोत देणाऱ्या हेडलाइटपेक्षा जादा दिव्यांना तो अधिक सोयीचा ठरला. दोन फिलामेंटचा एच-४ हा ६०/५५ वॉटचा बल्ब १९७१ मध्ये आला. पुढे आपल्याकडच्या बाजारात त्याच खोबणीत बसणारे १००/९० वॉटचे बल्ब मिळू लागले, आणि जुन्या गाड्यांच्या स्विचची खरी दशा तेव्हा झाली.

थोडे गणित मांडतो. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे साडेसतरा मिलिओहम असतो. बॅटरीपासून डॅशबोर्ड, तेथून डिपर आणि पुन्हा बंपर अशी चार मीटर वाट धरली, तर ५५ वॉटच्या दोन दिव्यांच्या नऊ अँपिअरला त्या तारेतच जवळजवळ ०.६ व्होल्ट खर्ची पडतात. १०० वॉटच्या दोन दिव्यांना सतरा अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, त्यामुळे ही घट १.२ व्होल्टवर जाते, आणि झिजलेले स्विच, तारांच्या टोकांचे सैल लग, गंजलेले जोड यांची घट यात अजून धरलेलीच नाही. टंगस्टनच्या फिलामेंटचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, तो साधारण ३.४ व्या घाताने घसरतो. म्हणून बाराऐवजी साडेदहा व्होल्ट पोहोचले की एकतृतीयांशाहून अधिक उजेड गेला. १०० वॉटचे बल्ब घालूनही घाटात पिवळट उजेड पडतो, तो यामुळे. शिवाय थंड फिलामेंट लावण्याच्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि तो झटका दरवेळी स्विचच्या संपर्कांवर बसतो.

रिले घातला की स्विचमधून केवळ त्याच्या कॉइलचा, म्हणजे चुंबकाच्या वेटोळ्याचा, प्रवाह जातो. बारा व्होल्टच्या कॉइलचा रोध साधारण ८० ते १०० ओहम असतो, म्हणजे अँपिअरचा सातवा-आठवा हिस्सा. दिव्यांचा प्रवाह बॅटरीवरून फ्यूज, फ्यूजवरून रिले आणि रिलेवरून दिवा अशा जवळच्या वाटेने, अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेतून जातो. माझ्या मते या सगळ्यात कळीची गोष्ट रिलेची डबी नसून ही आखूड आणि जाड वाट आहे. रिले बसवायचा आणि त्याला खाद्य मात्र जुन्या लाइट स्विचच्याच तारेतून द्यायचे, असे काम अनेक गाड्यांत पाहायला मिळते. त्यात स्विचवरचा भारही टळत नाही आणि उजेडही वाढत नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रवास थोडा निराळा झाला. तेथील लँडरोव्हरवर लुकास कंपनीची विद्युत सामग्री असे. लुकासच्या ६आरए या गोल डब्याच्या रिलेवर सी१, सी२ आणि डब्ल्यू१, डब्ल्यू२ अशा खुणा असत. सी म्हणजे संपर्काची टोके आणि डब्ल्यू म्हणजे वेटोळ्याची. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. साध्या रिलेच्या कॉइलला दिशेचे सोयरसुतक नसल्याने त्या गाडीतही तो निमूट चालतो, परंतु आत डायोड असलेला आधुनिक रिले तेथे विचार न करता लावला तर डायोड जळतो. लुकासच्या सी४० या डायनॅमोची क्षमता २२ अँपिअर होती, आणि तीही इंजिन वेगात असताना. हेडलाइट, इग्निशन, वायपर आणि वर ५५ वॉटचे दोन दिवे हा भार त्याला झेपत नाही, आणि पहिल्या गिअरमध्ये दगडांवरून चढताना तर सगळा भार बॅटरीवरच पडतो. म्हणून जादा दिव्यांचा खरा प्रसार डायनॅमोची जागा घेणाऱ्या अल्टरनेटरबरोबर झाला, जो लँडरोव्हरवर १९७० च्या दशकात रुळला.

आज दुकानात मिळणारा चौकोनी रिले जर्मन घराण्यातला आहे. त्याच्या पायांवरचे आकडे डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातले आहेत : ३० म्हणजे बॅटरीचे धन, ८५ आणि ८६ ही कॉइलची टोके, ८७ हे दिव्याकडे जाणारे. त्याच मानकात ५६अ म्हणजे हेडलाइटचा अप्पर. पाच पायांच्या रिलेत मधोमध ८७अ असतो आणि तो कॉइल शांत असताना जोडलेला राहतो. घाईत दिव्याची तार त्यावर बसली, तर स्विच बंद केल्यावर दिवे लागतात आणि चालू केल्यावर विझतात. गाडीमालक मग स्विच बदलायला निघतो.

आपल्याकडे रिले रुजला तो आधी हॉर्नच्या निमित्ताने. दोन मोठे भोंगे एकत्र वाजवायला लागणारा प्रवाह स्टीअरिंगमधल्या बारीक तारेला आणि बटणाला सोसत नसे. म्हणून नवीन हॉर्नच्या जोडीला रिले ही गॅरेजची रीत झाली. तीच रीत, पुष्कळदा तोच हॉर्नचा रिले, पुढे दिव्यांसाठी वापरात आला. हे तितकेसे बरोबर नव्हते. हॉर्न क्षणभर वाजतो, दिवा तासन्‌तास जळतो, आणि क्षणिक कामासाठी बनलेली डबी सतत प्रवाहाखाली तापते.

१९८० च्या दशकात हिमालयन रॅलीतल्या गाड्यांवरच्या दिव्यांच्या रांगा लोकांनी पाहिल्या. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली, त्याच सुमारास महिंद्राची एमएम ५४० आली, आणि हौशी मंडळींच्या हाती दमदार चार्जिंगच्या गाड्या पडल्या. पावसाळ्यात आंबोली किंवा माळशेज घाटात धुके उतरले की अप्परचा उजेड समोर पांढऱ्या भिंतीवर आपटून परत येतो. त्यावर खाली बसवलेले, रुंद पसरणारे फॉग लॅम्प हा उपाय आहे, लांब फेकीचे दिवे नव्हे. तरीही बंपरवर बहुधा लांब फेकीचेच दिसत आले, याला गरजेपेक्षा दिखाऊपणा अधिक कारण असावा.

जुन्या जीपच्या अँपिअर मीटरमुळे एक खास पेच उद्भवतो. रिलेचे खाद्य थेट बॅटरीच्या टोकावरून घेतले, तर चार्जिंगकडून येणारा दिव्यांचा प्रवाहही मीटरमधून बॅटरीकडे जातो आणि काटा बॅटरी जोरात चार्ज होत असल्याचे खोटेच सांगतो. मीटरच्या चार्जिंगकडील बाजूस जोडले तर काटा खरे बोलतो, पण इंजिन बंद असताना दिव्यांचा सगळा भार जुन्या मीटरच्या टोकांतून जातो. बरेच जाणकार बॅटरीचा मार्ग धरतात आणि काट्याच्या खोटेपणाकडे दुर्लक्ष करतात. मला तेच सुरक्षित वाटते, मात्र फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. बॅटरी ते फ्यूज एवढी तार नेहमी असंरक्षित राहते, आणि हादरणाऱ्या डिझेल जीपमध्ये पत्र्याच्या कडेला घासून तिचे आवरण फाटायला फार वेळ लागत नाही.

रिलेचा इशारा कोठून घ्यायचा, यातही गाडीचा इतिहास डोकावतो. जीपमध्ये अप्परच्या तारेवर धन येते, म्हणून ती ८६ ला आणि ८५ बॉडीला जोडली की काम झाले. जपानी घडणीच्या अनेक जुन्या गाड्यांत, उदाहरणार्थ टोयोटाच्या लँडक्रूझरमध्ये, हेडलाइटला धन कायम मिळते आणि स्विच ऋण बाजू जोडतो. तेथे कॉइलचे एक टोक धनावर आणि दुसरे अप्परच्या तारेवर लावावे लागते. दिव्याची स्वतःची अर्थिंग मात्र कोणताही रिले सुधारत नाही. रंगावर आवळलेला बोल्ट आणि गंजलेले बंपर यांच्यामुळे वरच्या सगळ्या गणितावर पाणी पडते.

कायद्याची बाजूही याच काळात घडत गेली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखान्याच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मर्यादा घालते, आणि १९८९ चे केंद्रीय नियम समोर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास सर्वसाधारणपणे मनाई करतात. त्यामुळे जादा दिव्यांना स्वतंत्र स्विच ठेवून सार्वजनिक रस्त्यावर ते झाकून आणि बंद ठेवणे, हा प्रघात ऑफ-रोड मंडळींत पडला.

एलईडीने हिशेब पुन्हा फिरवला आहे. २० वॉटचे दोन एलईडी दिवे मिळून साडेतीन अँपिअरही घेत नाहीत, आणि तेवढा भार चांगला डॅशबोर्ड स्विच रिलेवाचून सहज उचलतो. उलट १२० वॉटचा एलईडी बार दहा अँपिअरच मागतो, म्हणजे जुन्या हॅलोजन जोडीहून किंचित जास्त, आणि त्याला रिले, फ्यूज व जाड तार ही सारी व्यवस्था पूर्वीसारखीच लागते. या दिव्यांबरोबर आता रिले, फ्यूज आणि स्विच जोडलेले तयार हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, मिळते. त्याच्या तारेवरचे आवरण जाड आणि आतले तांबे बारीक असणे ही तक्रार सर्रास ऐकू येते, म्हणून काही इलेक्ट्रिशियन त्यातले कपलर आणि स्विच तेवढे ठेवून घेतात आणि बॅटरीपासून दिव्यापर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची तार नव्याने ओढतात.