वॉलेट घेण्याआधी विचारा, आकडा कुठे जन्मला?

ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या मराठी घरांतली कॉलेजात जाणारी मुले हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: "मावशी, क्रिप्टोसाठी कोणते वॉलेट घेऊ?" त्यांच्या हातात तेव्हा मोबाइल असतो, आणि त्यात चार ॲपांचे स्टार मोजणे चालू असते. मला हा शोध चुकीच्या टोकाने सुरू झालेला वाटतो. ॲपचा रंगरूप आणि कंपनीचे नाव ही शेवटी बघायची गोष्ट आहे. वॉलेटमध्ये मुळात काय असते, हे आधी समजले तर निवड बरीचशी आपोआप होते.

वॉलेटमध्ये नाणी नसतात. बिटकॉइन या क्रिप्टो नाण्याची सगळी नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली असते: अमुक पत्त्यावर इतकी रक्कम, तिथून तमुक पत्त्यावर गेली. तुमच्या वॉलेटमध्ये असतो फक्त एक आकडा, ज्याला प्रायव्हेट की म्हणतात. तो ज्याच्याकडे, त्याची सही चालते. नाव, आधार क्रमांक, बँकेचे पासबुक यांतले काहीही तिथे कामाला येत नाही, आणि आकडा चोरीला गेला तर व्यवहार उलटवून देणारा मॅनेजरही नाही.

हा आकडा 256 बिटांचा (एक बिट म्हणजे एक 0 किंवा 1), म्हणजे दशमान पद्धतीत जास्तीत जास्त 78 अंकांचा असतो. आपल्या किल्ल्यावर चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागते. तिथल्या इ.स. 876 च्या शिलालेखात 270 आणि 50 हे आकडे आज आपण काढतो तसेच शून्य काढून कोरलेले आहेत. स्थानमूल्य आणि शून्य हाताशी असल्यामुळेच 78 अंकांची ही संख्या वहीच्या दोनतीन ओळींत मावते. त्या संख्येवरून पुढे पत्ता तयार होतो. गणितातल्या एका ठराविक वक्रावरचा एक ठरलेला बिंदू घ्यायचा आणि तो स्वतःतच तितक्या वेळा मिळवायचा. दरवेळी दुप्पट करत गेले की काही शे पायऱ्यांत उत्तर येते. उलट दिशेने, उत्तरावरून मूळ संख्या काढायची म्हटली, तर आजच्या संगणकांना ते साधेल अशी कोणतीही पद्धत कुणाला सापडलेली नाही. म्हणून पत्ता खुशाल कुणालाही द्यावा, आकडा देऊ नये.

78 अंक माणूस नीट उतरवून घेईल याचा भरवसा नसतो. त्यासाठी 2013 मध्ये एक सोय निघाली: 2048 इंग्रजी शब्दांची ठरलेली यादी, 'अबॅन्डन'पासून 'झू'पर्यंत. वॉलेट त्यातून 12 किंवा 24 शब्द क्रमाने देते, त्यांना सीड फ्रेज म्हणतात. त्यांवरून वॉलेट आकडा पुन्हा काढू शकते. 2048 शब्दांपैकी एक निवडणे म्हणजे 11 बिट. 12 शब्दांचे झाले 132 बिट. त्यातले 128 खरे, आणि उरलेले 4 लिहिण्यातली चूक पकडण्यासाठी. यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे वेगळी आहेत, म्हणून पुढचे अक्षर पुसट झाले तरी शब्द ओळखता येतो. हे शब्द देवनागरीत मात्र लिहू नका, स्पेलिंग हरवते. यादी अजून कोणत्याही भारतीय भाषेत अधिकृतपणे आलेली नाही.

128 बिटांचा अंदाज असा: सेकंदाला दहा हजार कोटी कोटी शब्दमाळा तपासणारे यंत्र असले, तरी सगळ्या संपायला 10 लाख कोटी वर्षांच्या आसपास लागतील. विश्वाचे वय 1380 कोटी वर्षे आहे. तरीही पैसे चोरीला जातात, कारण चोर सगळ्या शक्यता तपासत बसत नाही. आकडा खरोखर यदृच्छेने निघाला नसेल, तर त्याला फारच थोड्या तपासाव्या लागतात.

2023 सालचे उदाहरण बघा. लिबबिटकॉइन एक्सप्लोरर नावाच्या एका जुन्या, जाणकारांत मान असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला. ते 256 बिटांचा आकडा देत होते, दिसायला अगदी व्यवस्थित. पण तो ज्या बीजावरून, म्हणजे सुरुवातीच्या संख्येवरून, निघत होता ते संगणकाच्या घड्याळावरून घेतलेले, फक्त 32 बिटांचे होते. म्हणजे साऱ्या जगात मिळून शक्यता केवळ 429 कोटी. गेमिंगसाठीचा एखादा बरा संगणक एवढी यादी एका दिवसात संपवतो, असे दोष शोधणाऱ्यांनीच दाखवून दिले. कळायच्या आत अनेकांची खाती रिकामी झाली होती. त्या लोकांनी कुणाला ओटीपी सांगितला नव्हता, कोणत्या लिंकवर बोट ठेवले नव्हते. त्यांचा आकडा जन्मतःच कच्चा होता. दहा वर्षे आधी, ऑगस्ट 2013 मध्ये, अँड्रॉइडच्या यादृच्छिक आकडे काढणाऱ्या भागात असाच दोष निघाला होता आणि त्यातून बिटकॉइन चोरीला गेले होते.

म्हणून माझी पहिली चाळणी ही: वॉलेट आकडा कसा काढते हे उघडपणे सांगते का, आणि त्याचा कोड बाहेरच्या तज्ज्ञांना वाचता येतो का? काही हार्डवेअर वॉलेटमध्ये, म्हणजे आकडा सांभाळणाऱ्या वेगळ्या छोट्या यंत्रांत, तर तुम्ही स्वतः फासा टाकून आकडा बनवू शकता. साधा सहा बाजूंचा फासा 50 वेळा टाकला की 128 बिटांपुरती अनिश्चितता जमते, 99 वेळा टाकला की 256 च्या जवळ. माझ्या मते ही फार सुंदर सोय आहे, कारण यात कुणावरच विश्वास ठेवावा लागत नाही. मनाने शब्द निवडणे मात्र कटाक्षाने टाळा. अभंगाची ओळ, कुलदैवत, मुलीची जन्मतारीख, यांतले काहीही माणसाला गुप्त वाटते आणि चोरांच्या याद्यांत ते आधीच असते.

दुसरी चाळणी, तो आकडा आणखी कोण पाहतो? एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे, ठेवलेल्या क्रिप्टोचा आकडा एक्स्चेंजकडे असतो, तुमच्याकडे फक्त लॉगिन. 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या भारतातल्या एक्स्चेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलरची मालमत्ता गेली, तेव्हा आपल्याकडच्या लाखो लोकांना हा फरक कळला. बँकेतल्या ठेवींना 5 लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसे काही नाही. मोबाइलवरच्या वॉलेटमध्ये आकडा तुमच्या फोनमध्ये राहतो, हे त्याहून बरे. पण फोन सदोदित इंटरनेटवर असतो. ऑगस्ट 2022 मध्ये स्लोप नावाच्या वॉलेटचे ॲप ग्राहकांच्या सीड फ्रेज कंपनीच्या सर्व्हरवर उघड्या अक्षरांत पाठवत असल्याचे निघाले, आणि हजारो खाती साफ झाली. सीड फ्रेजचा स्क्रीनशॉट काढून स्वतःलाच व्हॉट्सॲप करणारी मुले मी पाहिली आहेत. तो फोटो गॅलरीतून क्लाउडवर जातो, आणि तिथून पुढे त्याच्यावर तुमचा ताबा राहत नाही.

हार्डवेअर वॉलेट या अडचणीवर चांगला उपाय आहे. पेन ड्राइव्हएवढे यंत्र, त्याला एक छोटासा पडदा आणि दोन बटणे. पहिल्यांदा चालू केले की पडद्यावर एकेक शब्द येतो. तो कागदावर उतरवायचा, बटण दाबायचे, पुढचा शब्द. शेवटी यंत्र मधलाच एखादा शब्द विचारते, सातवा कोणता? पैसे पाठवताना व्यवहाराची नोंद फोनवरून यंत्रात जाते, सही आतच होते आणि फक्त सही बाहेर येते. आकडा यंत्राच्या बाहेर पडतच नाही. फोनमध्ये व्हायरस असला तरी त्याला आकडा मिळत नाही.

पण पडदा महत्त्वाचा आहे, आणि लोक नेमके तिथेच दुर्लक्ष करतात. वझीरएक्सच्या प्रकरणात एकाहून अधिक जणांच्या सह्या लागत होत्या. कंपनीच्या म्हणण्यानुसार, पडद्यावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार वेगळे निघाले. 21 फेब्रुवारी 2025 रोजी बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे 150 कोटी डॉलरचे इथर (बिटकॉइनसारखेच दुसरे क्रिप्टो) गेले, तेही याच मार्गाने. संगणकावर रोजचा व्यवहार दिसत होता, सह्या मात्र दुसऱ्याच सूचनेवर घेतल्या गेल्या. आकडा कुणी चोरलाच नव्हता. म्हणून ज्या यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर पूर्ण पत्ता आणि रक्कम वाचता येते तेच घ्यावे, आणि संगणकाकडे न बघता त्या पडद्यावरचा पत्ता अक्षर न अक्षर जुळवून मगच बटण दाबावे. पहिली आणि शेवटची चार अक्षरे बघून भागत नाही. तेवढी जुळणारे पत्ते चोर मुद्दाम बनवतात.

यंत्र उत्पादकाकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, सेकंडहँड तर नाहीच. डब्यात आधीच छापलेले 12 शब्द आले, तर ते यंत्र वापरू नका, कारण ते शब्द छापणाऱ्याकडेही आहेत.

शब्द कागदावर लिहिले की आपल्या गावची हवा आडवी येते. उन्हाळ्यात 45 अंश, पावसाळ्यात जुन्या वाड्यांच्या भिंतींना ओल, आणि वाळवी तर बारमाही. स्टीलच्या पट्टीवर अक्षरे ठोकून ठेवणे उत्तम. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालून देणारे कारागीर आहेत, पण हे काम त्यांना सांगू नका, अक्षरांचे ठसे आणून घरीच ठोका.

आता सगळ्यात अवघड भाग. चोराला सापडू नये म्हणून जितके लपवावे, तितके ते घरच्यांनाही सापडत नाही. ग्वाल्हेरला हे वेगळे सांगायला नको. किल्ल्याच्या तळघरांतल्या शिंद्यांच्या गंगाजळीची वाट दाखवणारे बीजक फक्त महाराजांना ठाऊक असे. 1886 मध्ये जयाजीराव गेले तेव्हा माधवराव दहाएक वर्षांचे होते, आणि बीजक सांगायचे राहून गेले, असे जुनी मंडळी सांगतात. क्रिप्टोत हे रोज घडू शकते. 2018 च्या डिसेंबरात क्वाड्रिगासीएक्स या कॅनडातल्या एक्स्चेंजचा संस्थापक जयपूरला वारला, आणि पासवर्ड त्याच्याबरोबरच गेले असे ग्राहकांना सांगण्यात आले. पुढे चौकशीत बहुतेक पैसा आधीच अफरातफरीत गेल्याचे निघाले. पण तोवर त्या कारणावर लोकांनी विश्वास ठेवला, कारण तसे घडणे सहज शक्य होते.

यावर घरोघरी एक उपाय सुचवला जातो: 12 शब्दांचे तुकडे करून तिघांना आठ-आठ असे द्यायचे, की कोणतेही दोघे मिळून पूर्ण करतील. हे करू नका. आठ शब्द कळले की उरतात चार, म्हणजे मोठाल्या संगणकांना झेपेल इतक्याच शक्यता. 2020 मध्ये एका प्रोग्रामरने भाड्याच्या संगणकांवर असे चार शब्द सुमारे 30 तासांत शोधून दाखवले होते.

खरा उपाय अदी शमीर या संकेतशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दिला, आणि तो नववीच्या भूमितीत बसतो. समजा गुपित आहे 7. 7 पासून निघून दर पावलाला 3 ने चढणारी रेषा काढा. पहिल्या पावलावर 10, दुसऱ्यावर 13, तिसऱ्यावर 16. बायकोला 10 द्या, भावाला 13, मुलीला 16. कोणतेही दोघे एकत्र आले की रेषा ठरते आणि मागे जाऊन 7 सापडतो. एकट्या 10 मधून मात्र असंख्य रेषा जातात, म्हणून त्या एकाला गुपिताविषयी काहीच कळत नाही. प्रत्यक्षात हे गणित फार मोठ्या आकड्यांवर आणि ठराविक मर्यादेतल्या अंकगणितात चालते, पण कल्पना हीच. काही हार्डवेअर वॉलेट ही सोय देतात, तिघांना वेगवेगळ्या शब्दमाळा देऊन.

रक्कम थोडी असेल, तर कोड उघडा असलेले मोबाइल वॉलेट पुरते. जी रक्कम गेल्यास घरात बोलाचाली होतील, ती हार्डवेअर वॉलेटवर न्यावी. आणि मोठी रक्कम टाकण्याआधी, शे-दोनशे रुपयांचे क्रिप्टो ठेवून यंत्रातली सगळी माहिती पुसा आणि लिहिलेल्या शब्दांवरून वॉलेट परत उभे करा. तुम्ही करू नका, बायकोला किंवा मुलाला करायला सांगा, आणि शेजारी बसून काही न बोलता बघा. ज्या शब्दावर त्यांचा हात अडला, तो पट्टीवर पुन्हा ठोकून घ्या.