सप्तर्षींमधलं अस्वल

सप्तर्षी ओळखायला सोपे. चार ताऱ्यांचा चौकोन, त्याला तीन ताऱ्यांची वाकडी शेपटी, लांबून पतंगच वाटतो. पण ह्याच सात ताऱ्यांत माणसांना काय काय दिसलंय ते वाचायला लागलं ना, की मी दर वेळी थक्क होते.

ग्रीकांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. कॅलिस्टो नावाच्या अप्सरेवर देवांचा राजा झ्यूस याचा जीव जडला, त्याच्या बायकोने म्हणजे हेराने चिडून तिचं अस्वल करून टाकलं, पुढे तिचाच मुलगा शिकारीला निघाला आणि समोर आई, तो तिला मारणार तेवढ्यात झ्यूसने दोघांना उचलून आकाशात ठेवलं. तेच हे मोठं अस्वल. आता खऱ्या अस्वलाची शेपटी एवढुशी असते, आकाशातल्याची मात्र ही लांबलचक. उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉय लोकांनी हे बरोबर सोडवलंय, त्यांच्याकडे नुसता चौकोन म्हणजे अस्वल आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे मागे लागलेले तीन शिकारी. पानगळीच्या दिवसांत संध्याकाळी हे तारे क्षितिजाजवळ उतरतात, तेव्हा अस्वलाला बाण लागतो आणि त्याच्या रक्ताने झाडांची पानं लाल होतात. किती सुंदर आहे हे!

आणि आपल्याकडे? शतपथ ब्राह्मण ह्या वैदिक ग्रंथात स्पष्ट म्हटलंय की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणायचे. ऋक्ष म्हणजे अस्वल, आणि ताराही. ग्रीक 'आर्क्टोस' हा ह्याच ऋक्षाचा भाऊ, त्यावरूनच आर्क्टिक नाव आलं, अस्वलाच्या ताऱ्यांखालचा प्रदेश. आता ह्या ताऱ्यांत अस्वल बघणारी गोष्ट सायबेरियातही आहे आणि अमेरिकेतही, म्हणून काही अभ्यासकांचा असा तर्क आहे की दोन्ही खंड जमिनीने जोडलेले होते तेव्हाच माणसं ही गोष्ट बरोबर घेऊन तिकडे गेली, म्हणजे ती दहा हजार वर्षांपेक्षाही जुनी. मला तरी हे पटतं, कारण चौकोन बघून अस्वल सुचणं काही सहज नाही. चिनी लोकांना पळी दिसली, इजिप्तमध्ये बैलाचा पाय, हे आकारावरून लगेच कळतं. अरबांचं चित्र मात्र चटका लावणारं आहे, चौकोन म्हणजे तिरडी आणि मागचे तीन तारे म्हणजे शोक करत चाललेल्या मुली.

शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला अगदी खेटून अंधुकशी अरुंधती. १६१७ मध्ये गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याने दुर्बिणीतून पाहिलं तर वसिष्ठच जोडतारा निघाला, नंतर त्या दोघांपैकी प्रत्येकही जोडीच निघाला, आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही एक छोटा सोबती सापडला. साध्या डोळ्यांना दोन दिसतात तिथे सहा तारे आहेत!

सातांपैकी मधले पाच आणि अरुंधती हे वायूच्या एकाच ढगातून जन्मलेले, साधारण ८० प्रकाशवर्षांवर, एकाच दिशेने चाललेत. टोकाचे दोघे, क्रतु आणि मरीची, जास्त लांब आणि त्यांची वाट वेगळी. त्यामुळे लाखभर वर्षांनी चौकोन पसरट होईल, शेपटी अजून वाकेल आणि अस्वल काय, पतंगही ओळखू येणार नाही. वसिष्ठ आणि अरुंधती मात्र तेव्हाही असेच शेजारी असतील.