वाऱ्याशी केलेला कोन

चिपीच्या सड्यावर 9 ऑक्टोबर 2021 रोजी प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. त्यानंतर आमच्या मालवणातली दोन-तीन मुलं पायलट व्हायच्या तयारीला लागली आणि वह्या घेऊन माझ्याकडे येऊ लागली. पंख विमानाला उचलतो कसा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: पंख वरून फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा पल्ला, खालच्या हवेला मागच्या कडेशी गाठायचं तर तिला धावावं लागतं. हे चूक आहे. दोन्हीकडच्या हवेने एकाच वेळी पोचावं असा निसर्गाचा काही नियम नाही. धुराच्या रेषा सोडून पाहिलं तर वरची हवा उलट आधीच पोचलेली दिसते. वर वेग जास्त आणि दाब कमी हे खरं. वेग-दाबाचं ते नातं डॅनिएल बर्नूली या शास्त्रज्ञाने 1738 मध्येच मांडलं होतं. पण पंख हवेला खाली ढकलतो, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू मुलांना कुणी सांगितलेली नसते. पंख समोरून येणाऱ्या वाऱ्याशी जो कोन करतो, त्याबद्दल तर अवाक्षरही नाही.

खरं तर हा कोन किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात होता. माझे आजोबा शिडाच्या होडीवर तांडेल. दुपारी खारे वारे सुटले आणि बाहेर जायचं असलं की वारा थेट तोंडावर. मग होडी तिरकी घालायची, एकदा या अंगाला, एकदा त्या. दोर सैल सोडला की शीड फडफडायचं. फार आवळला की टम्म फुगायचं, पण होडी नुसती कलायची, पाणी कापायची नाही. ‘शीड फुगला म्हणान होडी चालता असा नाय,’ असं ते म्हणत. फडफडणं आणि हे असं अडणं यांच्यामधली जी अरुंद जागा, तिथेच शीड ओढ घेतं. शीड म्हणजे उभा केलेला पंखच.

कागदावर हे यायला मात्र वेळ लागला. 1799 मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज केलीने चांदीच्या एका चकतीवर पंखावरची बलं कोरली: वर उचलणारी लिफ्ट आणि मागे खेचणारा ड्रॅग. उडायचं म्हणजे पंख फडफडवायचे, ही जुनी समजूत त्याने सोडली. उचलण्याचं काम स्थिर पंखाचं, पुढे नेण्याचं दुसऱ्या कशाचं तरी. 1884 मध्ये होरेशिओ फिलिप्सने बाकदार पंखांचं पेटंट घेतलं.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जर्मनीचा ओटो लिलिएंथाल. करकोचे न्याहाळत त्याने वर्षानुवर्षं मोजमापं केली, 1889 मध्ये ती छापली आणि मग स्वतःच्याच पंखांवर टेकडीवरून सुमारे 2000 वेळा झेप घेतली. 9 ऑगस्ट 1896 रोजी पंखाचा कोन प्रमाणाबाहेर वाढला, हवा वरच्या पृष्ठभागावरून सुटली आणि तो सुमारे 15 मीटरवरून कोसळला. दुसऱ्या दिवशी गेला. स्टॉल म्हणतात तो हाच.

त्याच्या आकड्यांवर भिस्त ठेवून राइट बंधूंनी 1901 मध्ये ग्लायडर उडवलं, तर लिफ्ट हिशेबाच्या जेमतेम तिसरा हिस्सा. मग त्यांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा लावला आणि आत करवतीची पाती व सायकलच्या तारा वापरून तराजू बसवला. त्यावर पत्र्याचे इवलेसे पंख, दीडशेहून जास्त आकारांचे, एकेका कोनात तपासले. कळलं ते असं: सगळेजण हवेच्या दाबाचा जो जुना गुणक धरत होते, 0.005, तोच फुगलेला होता; खरा 0.0033 च्या आसपास. शिवाय लांब, चिंचोळा पंख रुंद पंखापेक्षा कमी ड्रॅगमध्ये काम करतो. आपल्या किनाऱ्यावरच्या सुरय आणि कुरव पक्ष्यांचे पंख बघा. 17 डिसेंबर 1903 चं 12 सेकंदांचं उड्डाण या पेटीतून आलं, असं मी मानतो.

लिफ्टचं गणित त्याच सुमारास कुट्टा आणि झुकोव्हस्की या शास्त्रज्ञांनी बांधलं. 1904 मध्ये जर्मनीच्या प्रांट्ल या शास्त्रज्ञाने दाखवलं की पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो आणि तो सुटला की स्टॉल. 1933 मध्ये अमेरिकेच्या नाका (NACA) या विमानविद्येच्या संस्थेने पंखाच्या छेदाचे 78 आकार मोजून छापले. आकारांना तिथे आकड्यांचीच नावं. त्यातला 2412 हा आकडा मुलं पाठ करतात, त्याचा अर्थही समजून घ्यावा: बाक पंखाच्या रुंदीच्या 2 टक्के, तो पुढच्या कडेपासून 40 टक्क्यांवर, जाडी 12 टक्के. सेसना 172 या छोट्या विमानाचा पंख याच घराण्यातला.

अशा पंखाचा स्टॉल साधारण 15-16 अंशांवर येतो. वेग कितीही असो, तो कोन ओलांडला की पंखावरची हवा सुटते. वळताना विमान जोरात ओढलं तर भरवेगातही. मेच्या दुपारी 35 अंशांत हवा प्रमाण हवेपेक्षा (हिशेबासाठी धरलेली, समुद्रसपाटीवरची 15 अंशांची हवा) सुमारे 6 टक्के विरळ असते. त्यात आपली दमट हवा कोरडीपेक्षा हलकी, कारण पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी. त्यामुळे धावपट्टी जास्त खर्ची पडते, पण तो कोन जागचा हलत नाही.

मुलांना मी जेट्टीवर नेतो. मासळी उतरत असताना ब्राह्मणी घार डोलकाठीवर बसायला येते. शेवटच्या क्षणी ती पंख जवळजवळ उभे करते, वेग मरतो, आणि पंखांच्या वरच्या अंगाची बारीक पिसं मागून वाऱ्याने उचलल्यासारखी ताठ होतात. हवा तिथे सुटलेली असते. तेवढ्यात तिचे पाय काठीला लागतात.