आडवी बाकं, भिंतीची बाकं: भांडण बसणाऱ्यांचं नाहीच

मुंबईत मेट्रोचा नवा टप्पा सुरू झाला की आठवड्याच्या आत तीच तक्रार पुन्हा कानावर येते. एवढे हजारो कोटी घातले आणि बसायला काय, तर भिंतीला टेकवलेले स्टीलचे पत्रे. लोकलमध्ये निदान बाकं तरी आहेत. जास्त माणसं कोंबता यावीत म्हणून मेट्रोवाल्यांनी बाकं कडेला सारली. उपायही ठरलेला: लोकलसारखी आडवी बाकं टाका, वर बरी गादी घाला, की प्रवासी सुखी.

होणार नाही. बाक कुठल्या दिशेला लावलं हा एक प्रश्न आणि बाक कशाचं केलं हा दुसरा. दोन्ही एकाच दमात विचारले की डब्याबद्दल शहाणपणाचं काही बोलताच येत नाही. दुसरा त्यातल्या त्यात सोपा आहे, तो नंतर घेऊ. पहिला सोपा वाटतो, तिथेच सगळे घसरतात.

लोकलची मांडणी सांगायला नको. समोरासमोर बाकं, गुडघ्याला गुडघा, या बाजूला तीन, त्या बाजूला तीन, मधून वाट. तिसऱ्याच्या पलीकडे अर्ध्या अंगाने टेकलेली चौथी सीट. मेट्रोत बाक डब्याच्या लांबीला, पाठ भिंतीला, मधली फरशी मोकळी. खिडकी पाठीमागे गेली, वारा तोंडावर येत नाही, समोरच्याच्या मोबाइलकडे बघत बसावं लागतं. सगळं खरं आणि सगळं किरकोळ. भुयारी मेट्रोत तर आरे ते कफ परेड खिडकीबाहेर बघण्यासारखं आहे तरी काय?

बसायच्या जागा कमी होतात हेही खरं, आणि ते किरकोळ नाही. बसलेल्या माणसाला रुंदीत साधारण 45 सेंटिमीटर लागतात आणि पाठीपासून गुडघ्यांच्या जरा पुढपर्यंत 70-75. माणूस फिरवून बसवला म्हणून लहान होत नाही, म्हणजे एका बसलेल्यामागे जाणारी फरशी दोन्हीकडे जवळपास तेवढीच. पण लोकलच्या 3.66 मीटर रुंदीत आडवी बाकं टाकली तर एका ओळीत सहा जण बसतात, म्हणजे एका मीटर लांबीत साधारण आठ. भिंतीला बाकं लावली तर त्याच डब्याच्या एका मीटर लांबीत दोन्ही बाजूंचे मिळून चार, फार तर पाच. जागा निम्म्यावर येतात.

तर मग उरलेली फरशी माणसं कोंबायलाच ना? इथेच घोळ आहे. कोंबण्यात लोकलचा हात धरणारी मेट्रो अजून निघालेली नाही. आपल्याकडच्या मेट्रोचे डबे गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरवर सहा ते आठ उभी माणसं धरून आखतात. लोकलसाठी रेल्वेला 'सुपर डेन्स क्रश लोड' असा वेगळा शब्दच काढावा लागला: एका चौरस मीटरवर 14 ते 16. हे आडवी बाकं असताना. सकाळच्या गाडीत दोन बाकांच्या मधेही माणसं उभी असतात, बसलेल्यांच्या गुडघ्यांत गुडघे अडकवून, "तुम्ही कुठे उतरणार?" विचारून सीट बोलून ठेवलेली. फरशी जवळजवळ रिकामी राहतच नाही. तेव्हा बाकं भिंतीला लावल्याने जी मिळते ती जागा नव्हे. मिळते ती वाट.

हे जरा नीट बघू, कारण सगळा फरक यातच आहे.

आडव्या बाकांचा डबा म्हणजे मधे एक बोळ आणि दोन्ही बाजूंना बंद कोनाडे. कोनाड्यात शिरलेल्या माणसाला दारापर्यंत यायला आधी गुडघ्यांतून बोळात, मग बोळातून दारासमोरच्या मोकळ्या चौकात यावं लागतं, आणि बोळात त्याच्या आधी दहा जण उभे असतात. दादरला चढून घाटकोपरला उतरणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. तो आत जातच नाही. दारातले लोक "आत सरका, आत जागा आहे" म्हणून ओरडतात, आत खरंच थोडी जागा असते, आणि तरी कोणी हलत नाही. याला लोक बेशिस्त म्हणतात. मला हा आरोप ऐकवत नाही. आत गेलं की बाहेर पडता येत नाही, हे ज्याला रोजच्या अनुभवाने कळलंय त्याने आत जाणं हा मूर्खपणा ठरेल. डबाच त्याला दारात उभा करतो.

भिंतीच्या बाकांच्या डब्यात कोनाडा नसतो. डब्यात कुठेही उभे राहा, एका बाजूला वळलं की दार समोर. मेट्रोच्या डब्याला प्रत्येक बाजूला चार दारं, आणि डबे एकमेकांना आतून जोडलेले, त्यामुळे जिन्यासमोरच्या डब्यात झालेली गर्दी दोन डबे पुढे सरकू शकते. माणूस आत जातो कारण परत यायची खात्री असते. गाडी स्टेशनात 20-30 सेकंद थांबते. तेवढ्यात उतरणारे उतरले नाहीत तर दार पुन्हा उघडावं लागतं, आणि मागची गाडी तीन-चार मिनिटांवर असेल तर तो उशीर तिच्याकडे, तिच्याकडून तिसरीकडे जातो. बाकांच्या दिशेचा संबंध असा थेट वेळापत्रकाशी आहे. बसणाऱ्याच्या पाठीशी फारसा नाहीच.

सुरक्षिततेशीही आहे. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि जीव गेले. बाकं फिरवली असती तर हे टळलं असतं असं म्हणणं खोटेपणा होईल; मुळात गाडीत मावतील त्याहून जास्त माणसं आहेत आणि दारं उघडी आहेत. पण दार बंद होणारी लोकल आणताना आतली मांडणी तशीच ठेवली, तर दारातली ती गर्दी दाराच्या आतल्या बाजूला दाबली जाईल आणि दर स्टेशनात दार बंद करताना झटापट होईल. बंद दार आणि मोकळी वाट या जोडीने आणायच्या गोष्टी आहेत.

मग सगळीकडे भिंतीचीच बाकं का नकोत? कारण उभं राहणं किती वेळ, हा प्रश्न उरतोच. लंडनच्या मेट्रोपॉलिटन मार्गावर 2012 पर्यंत जुन्या ए स्टॉक गाड्या धावत, तीन आणि दोन अशी आडवी बाकं, एका गाडीत 448 जागा. त्यांच्या बदल्यात आलेल्या एस 8 गाडीत 306. दूरच्या प्रवाशांनी कुरकुर केली आणि ती रास्त होती. पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. त्याच घराण्यातली एस 7 गाडी सर्कल आणि डिस्ट्रिक्ट मार्गांवर धावते आणि तिच्यात सगळी बाकं भिंतीला. एस 8 मध्ये मात्र काही आडवी राखली, कारण तिचे प्रवासी पार ॲमरशॅम, चेशमहून शहरात येतात. गाडी तीच, कारखाना तोच, बाकं प्रवासाच्या लांबीप्रमाणे. याला म्हणतात विचार केलेली मांडणी.

हाच हिशोब इथे लावा. वर्सोवा ते घाटकोपर 11.4 किलोमीटर, उभ्याने गेलं तरी पाय दुखायच्या आत घाटकोपर येतं. तिथे आडवी बाकं मागणं म्हणजे काही जणांच्या वीस मिनिटांच्या आरामासाठी बाकीच्यांची वाट अडवणं. उलट विरार, कर्जत, कसाऱ्याची लोकल पूर्ण 'मेट्रोसारखी' करा म्हणणाऱ्यांना एकदा त्या गाडीत दीड-दोन तास उभं करायला हवं. तिथे मधल्या भागात आडवी बाकं हवीत, फक्त दारांलगतची भिंतीला लावावीत. 

टोकाचं उदाहरण हवं असेल तर तोक्योचं. यामानोते मार्गावर 1990 च्या दशकात एका बाजूला सहा-सहा दारं असलेले डबे आणले आणि त्यांतल्या सीटा सकाळी 10 पर्यंत भिंतीला दुमडून बंद ठेवत. म्हणजे गर्दीच्या वेळी कोणीच बसायचं नाही. पुढे फलाटावर सरकती दारं बसवायची ठरल्यावर सगळ्या डब्यांची दारं एकसारख्या अंतरावर हवी झाली, आणि 2011 पर्यंत ते डबे काढून टाकले. आपल्या भुयारी मेट्रोला फलाटावर दारं पहिल्यापासून आहेत, त्यामुळे दारांची संख्या आता कायमची ठरली. बदल करायला हातात राहिलंय ते बाक.

भिंतीच्या बाकांचा खरा दोष वेगळाच आहे, आणि तक्रार करणारे नेमका तोच सांगत नाहीत. आडव्या बाकावर गाडीने ब्रेक मारला की पाठ किंवा समोरचं बाक तुम्हाला धरतं. भिंतीच्या बाकावर धक्का कुशीतून येतो, आणि गुळगुळीत स्टीलवर अख्खी ओळ शेजाऱ्याच्या अंगावर सरकते. उभ्या माणसाचंही तेच: लोकलमध्ये हाताशी कुठल्या तरी बाकाचा कोपरा असतो. मेट्रोत फरशीच्या मधोमध उभ्या पाच फुटी बाईने धरायचं काय? वरची कडी तिच्या हाताला पोचत नाही आणि खांब दोन माणसं सोडून पलीकडे. यावर उपाय बाकं फिरवणं नाही. मधे खांब वाढवा, एका खांबाला वर तीन फाटे द्या म्हणजे एका जागी जास्त हात मावतात, कड्या दोन उंचींवर टांगा, आणि लांब बाक मधेच खांबांनी तोडा. तोक्योत सात जणांचं बाक दोन-तीन-दोन असं खांबांनी विभागलेलं असतं. घसरणारा खांबाला अडतो, उठणाऱ्या म्हाताऱ्याला आधार मिळतो, आणि सातच्या जागी पाच पसरत नाहीत.

यावरून काही जण साच्यातल्या वाटीसारख्या सीटा सुचवतात, प्रत्येकाला आपापला खळगा. माझा याला साफ विरोध. न्यूयॉर्कने अशा सीटांचे डबे वापरून पाहिले आणि पुढच्या पिढीत पुन्हा बऱ्यापैकी सपाट बाकांकडे वळलं. माणसं साच्याच्या मापाची नसतात. एक रुंद माणूस बसला की दोन खळगे गेले. शिवाय आपल्याकडे "जरा सरकता का?" म्हटल्यावर तिघांच्या बाकावर चौथा बसतो, कडेवर मूल असलेली बाई बसते. दोन खळग्यांच्या कडेवर कोण बसणार?

आता गादी. स्टील पाहिलं की लोकांना कंजूषपणा दिसतो. 18 फेब्रुवारी 2003 ला दक्षिण कोरियात देगूच्या मेट्रोत एका माणसाने डब्यात इंधन पेटवलं. सीटांच्या गाद्या आणि आतला इतर माल धडाधड पेटला, विषारी धूर झाला, आग शेजारच्या गाडीत गेली आणि 192 माणसं मेली. त्यानंतर कोरियाने डब्यांच्या सीटा न जळणाऱ्या मालाच्या केल्या, अनेक ठिकाणी सरळ स्टीलच्या. भुयारात धूर वर जायला आकाश नसतं, म्हणून तिथे गादीचा प्रश्न आधी आगीचा आणि मग आरामाचा. आग न धरणारं कापड आणि फोम मिळतो, लंडनमध्ये वापरतात, पण तो धुवायला आणि बदलायला पैसा व माणसं लागतात. तेवढी तयारी नसेल तर काय होतं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेने दाखवलं: 2011 मध्ये तिथल्या पत्रकारांनी कापडी सीट प्रयोगशाळेत तपासून घेतली, तीत विष्ठेतले जिवाणू निघाले, आणि पुढच्या काही वर्षांत सगळी लोकरी कापडं जाऊन पुसता येणारं रेक्झिन आलं. मुंबईच्या पावसात निथळत आलेला माणूस फोमवर बसून गेला की त्याच्या जागी तुम्ही बसाल का? मी स्टीलवर बसेन. फक्त त्या पत्र्याला मागे जरा उतार आणि वर खरखरीतपणा द्या.

जाता जाता एक गोष्ट सामानाची. लोकलमध्ये डोक्यावर जाळीची फळी आहे, बॅग वर टाकता येते. मेट्रोत ती नाही. बाकं भिंतीला लावून मोकळी केलेली वाट मग पाठीवरच्या बॅगांनी भरते, आणि बॅगवाला वळला की मागच्या दोघांच्या तोंडावर. भिंतीच्या बाकांवर फळी बसत नाही, हे कारण सांगू नये. तोक्योच्या लोकल गाड्यांत अशाच बाकांवर फळ्या आहेत.