पातेरा जाळू नका, बादलीला घाला

दोन वर्षांपूर्वी आमच्या आळीत ओल्या कचऱ्याचं खत करायच्या बादल्या घरोघरी आल्या होत्या. परवा चौकशी केली तर सतरा घरांपैकी फक्त तीन घरांत त्या चालू आहेत, बाकीच्यांत कुठे तुळस लावलीय, कुठे नारळाची सोडणं भरलीयत. बंद का केलं विचारलं की सगळीकडे एकच उत्तर, "वास मारतो हो, आणि अळ्या पडतात." आणि हे बोलणं चालू असतानाच शेजारच्या काकी अंगणातला पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पानं, झाडून कोपऱ्यात पेटवत होत्या. ते बघून हा लेख लिहायला घेतला, कारण बादलीच्या वासावरचं औषध त्या कोपऱ्यात जळत होतं.

कचरा कुजला की वास येणारच, असं आपण धरूनच चालतो. पण काजूच्या बागेत वर्षभर पानं कुजतात, तिथे कुणी नाकाला रुमाल लावत नाही. कुजणं दोन तऱ्हेचं असतं. हवा मिळाली तर ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू कचरा खातात आणि त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर पडते, यातल्या कशालाच वास नाही. हवा संपली की दुसरे जिवाणू ताबा घेतात, मग आंबूस ॲसिडं तयार होतात, सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड येतो आणि मिथेनसुद्धा. मिथेनला स्वतःला वास नाही, पण वीस वर्षांचा हिशोब धरला तर वजनाला वजन तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ऐंशीपट उष्णता अडवतो. डंपिंग ग्राउंडवर ढिगाच्या पोटात हेच होत असतं.

आता बादलीला तर भोकं आहेत, मग हवा संपते कशी? मला या सगळ्यातली सर्वात आवडती गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ऑक्सिजनचे रेणू हवेत जितक्या सहज पसरतात त्यापेक्षा पाण्यातून पसरायला साधारण दहा हजार पट हळू जातात. शिवाय पाण्यात तो मावतोही कमी, एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो आणि पंचवीस डिग्रीच्या एक लिटर पाण्यात जेमतेम आठ. भाजीची देठं, कलिंगडाची सालं, पपई यांच्यात ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं, ती मऊ होऊन एकमेकांवर बसली की मधल्या फटी पाण्याने भरतात आणि जिवाणू तर भराभर ऑक्सिजन खातायत, म्हणजे खर्च जोरात आणि आवक बंद. बादली वरून उघडी असली तरी दोन-तीन इंचांखाली गुदमरते. सुकं पान नेमकं इथे कामाला येतं, ते पाणी शोषतं आणि कडक असल्यामुळे फट उघडी धरून ठेवतं.

पान आणखी एक काम करतं, आणि इथे थोडं गणित आहे. जिवाणूच्या शरीरात नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे साधारण आठ भाग असतात. पण तो जेवढा कार्बन खातो त्यातला दोन तृतीयांश श्वासात जाळून टाकतो, म्हणजे आठ भाग अंगी लावायला चोवीस खावे लागतात. म्हणून खताच्या ढिगात कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण पंचवीस-तीसला एक असावं म्हणतात. भाजीचा कचरा पंधरा-वीसला एकच्या घरात असतो, त्यातला जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो (बादलीतून मुतारीसारखा वास आला तर तो हाच). सुकी पानं पन्नास-साठला एक किंवा त्याहून वर, दोन्ही मिसळली की मेळ बसतो. वजनं करत बसायची गरज नाही, एक वाटी ओलं तर वरून दीड-दोन वाट्या चुरलेला पातेरा एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे काकांची नाडेप नावाची खताची टाकी आठवा, विटांच्या भिंतीत मुद्दाम भोकं ठेवलेली. ती भोकं हवेसाठीच आहेत.

अळ्यांचं म्हणाल तर त्या बऱ्याचदा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, ती आपल्या घरमाशीसारखी जेवणावर घोंगावत नाही आणि अळ्या कचरा फार झपाट्याने संपवतात. पण त्या खूप दिसल्या तर बादली जास्त ओली झालीय असं समजून पानं वाढवा.

पातेरा जाळला की डास जातात आणि राख खत होते, हे आमच्याकडे सगळे सांगतात. धूर असतो तोपर्यंत डास लांब राहतात, पण तोच धूर घरातलं लहान पोर आणि दम्याचं माणूस ओढत असतं. राखेत पालाश (पोटॅश) उरतं हे खरं, नायट्रोजन आणि कार्बन मात्र बहुतेक सगळा उडून जातो. असंच ते बायोएन्झाइमचं, गूळ, लिंबा-संत्र्याची सालं आणि पाणी तीन महिने आंबवायचं. फरशी पुसायला चांगलं आहे, कारण ते साधारण व्हिनेगरसारखं आंबट पाणी आहे. पण त्यातून ओझोन निघतो, ते ओतून नदी शुद्ध होते वगैरे जे मेसेज फिरतात त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, आंबवलेला गूळ ओढ्यात ओतला की जिवाणूंना खाणं मिळतं आणि पाण्यातला होता तो ऑक्सिजनही कमी होतो.

लहान गावात हे जमत नाही असं कुणी म्हणालं की मी वेंगुर्ल्याचं नाव घेतो. २०११ च्या जनगणनेत बारा हजारांच्या आसपास वस्ती, काही मोठं शहर नव्हे. तिथे रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना घरातच कचरा वेगळा करायची सवय लागली, ओल्यापासून बायोगॅस, प्लॅस्टिक रस्त्याच्या डांबरात, आणि जिथे डंपिंग ग्राउंड होतं तिथे आता लोक बघायला जातात. लोकांनी सवय टिकवली, कारण वेगळा करून दिलेल्या कचऱ्याचं पुढे काय होतं हे त्यांना दिसत होतं. घरच्या बादलीलाही तेच लागू आहे, दीड-दोन महिन्यांत पहिल्या पावसासारखा वास यायला लागला की माणूस ती बादली सोडत नाही. तो वास जिओस्मिनचा, मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू तो बनवतात.

ओल किती हवी ते मुठीत दाबून बघा, एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पानं घाला.

अडचण एकच, पानं गळतात माघ-फाल्गुनात आणि बादली सगळ्यात जास्त ओली होते आषाढ-श्रावणात, तेव्हा बाहेर कोरडं पान औषधालाही मिळत नाही. मी यंदा आंब्या-फणसाच्या पानांच्या चार गोणी पायाने तुडवून चुरून पडवीच्या माळ्यावर टाकल्यात. गेल्या साली दोनच होत्या, त्या गणपतीच्या आधीच संपल्या.