टर्बो आणि सुपरचार्जर : पंखा फिरवतो कोण?

‘टर्बो काय नि सुपरचार्जर काय, एकच,’ असं गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. काम दोघांचं एकच आहे, हे खरं. इंजिन स्वतःहून ओढतं त्याहून जास्त हवा सिलिंडरमध्ये कोंबायची, तिला पुरेल इतकं पेट्रोल द्यायचं, आणि तेवढ्याच सीसीतून जास्त ताकद काढायची. वेगळेपण आहे ते हवा कोंबणारा पंखा फिरतो कशावर, यात. बाकीचे सगळे फरक तिथूनच सुरू होतात.

टर्बोत हा पंखा इंजिनाचा धूर फिरवतो. तापलेला एक्झॉस्ट एका छोट्या टर्बाइनवर आदळतो आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक आत येणारी हवा दाबतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे होतात. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणारी शक्ती अशी कामाला लागते. अगदी फुकट नाही, कारण धुराच्या वाटेत अडथळा येतो. तरी सौदा फायद्याचाच. अडचण एवढीच, की धूर पुरेसा झाल्याशिवाय चाक वेग घेत नाही. अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर थांबून मग उसळते, तो हा टर्बो लॅग. टर्बो जितका मोठा, तितकी ही वाट पाहणं जास्त.

सुपरचार्जरला पट्टा लागतो, आणि तो पट्टा क्रँकशाफ्टवरून, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यावरून येतो. म्हणून पाय दाबला की ताकद हजर. पण तिची किंमत इंजिनानेच आधी मोजलेली असते. अमेरिकन डॉज कंपनीच्या हेलकॅट गाडीतलं ६.२ लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन ७०७ एचपी देतं, आणि पूर्ण जोरात त्याचा सुपरचार्जर फिरवायलाच सुमारे ८० एचपी खर्च होतात! एवढ्यात एका छोट्या कारचं अख्खं इंजिन येतं.

सर्वात जास्त गल्लत होते ती सेंट्रीफ्यूगल, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकाने हवा बाहेर फेकून दाबणाऱ्या सुपरचार्जरबाबत. शंखासारखं कवच बघून तो कुणालाही टर्बोच वाटेल. पण मागे एक्झॉस्टचा पाइप नसतो, पुढे पुली असते. लॅग नाही, मात्र बूस्ट (हवेचा जादा दाब) आरपीएमसोबत, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांसोबत चढत जातो. खालच्या फेऱ्यांत फारसं काही हाती लागत नाही. ‘सुपरचार्जर म्हणजे खालपासून ताकद’ हे रूट्स आणि ट्विन-स्क्रू या सुपरचार्जरच्या दुसऱ्या दोन प्रकारांना लागू आहे, याला नाही.

आता इंजिनाकडे येऊ. माझ्या मते खरा निर्णय इथेच होतो. चाकणला तेव्हा बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलोत २०२० साली एक लिटरचीच दोन पेट्रोल इंजिनं मिळत होती. साधं, बिनटर्बोचं एमपीआय ७६ पीएस (जवळपास एचपीइतकंच एकक) आणि ९५ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), तर टर्बोवालं टीएसआय ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटर. आकडे बघून वाटतं, एमपीआयला टर्बो जोडला की झालं. तसं नाही. टीएसआय आतूनच टर्बोसाठी घडवलेलं आहे, पेट्रोलसुद्धा त्यात थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं.

टोयोटाच्या २जेझेड इंजिनात हे आणखी स्वच्छ दिसतं. तेच तीन लिटर, तेच बिडाचे ब्लॉक. पण त्याच्या बिनटर्बोच्या जीई प्रकाराचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०:१ आणि सुप्रा गाडीतल्या टर्बोवाल्या जीटीईचा ८.५:१. शिवाय जीटीईत पिस्टनच्या बुडावर तेलाचे फवारे मारून त्यांना थंड ठेवतात. कारण हवा दाबली की तापते. आधीच जास्त कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनात अशी तापलेली हवा गेली की मिश्रण अवेळी पेटतं, नॉकिंग होतं, आणि पिस्टन फुटतात. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर लागतो तो यासाठीच.

म्हणून साध्या इंजिनावर बूस्ट चढवायचाच असेल, तर तो पाच-सहा पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास ठेवा, आणि पैसे आधी इंटरकूलर, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर, चांगलं पेट्रोल आणि जाणकाराकडून ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) ट्यूनिंग यांवर घाला. रोज घाट चढायचा असेल तर कंपनीचीच टर्बो गाडी घ्या, हे मी निःशंक सांगेन. भारतात आरसीवरच्या तपशिलांशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या विरोधात जातात, आणि विमा कंपनीही दावा नाकारू शकते. रेसिंग ट्रॅकची गाडी असेल, तर किट घेण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी करून घ्या. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक फरकाने कमी दाब दाखवत असेल, तर आधी इंजिन उघडा. टर्बो की सुपरचार्जर, ते नंतर.